लॅटिनची शिकवणी आणि आपला ऑप्शन फॉर्म

बारावीचे निकाल लागले की आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयात एक टेबल मांडलं जातं. दोन लॅपटॉप, एक प्रिंटर, आणि फॉर्म भरून देणारी आम्ही चार-पाच माणसं. गेल्या वर्षी तिथं एक गॅरेजवाले भाई आपल्या मुलीला घेऊन आले. मुलीला सीईटीत बरे गुण होते. आदल्या रात्री भाईंनी एका सायबर कॅफेत बसून तिचा ऑप्शन फॉर्म स्वतःच भरला होता. सगळे पर्याय कॉम्प्युटर इंजिनीअरिंगचे. फक्त तो कन्फर्म करायचा राहिला होता. मुलगी हळूच म्हणाली, "सर, मला सिव्हिल पाहिजे होतं."

भाईंचा चेहरा उतरला. "मी स्वतः दहावी नापास. पोरीसाठी रात्री बारापर्यंत बसलो. बापानं मदत करू नये का?"

या प्रश्नाला माझ्याकडं चटकन उत्तर नव्हतं. भाईंचं प्रेम खरं होतं आणि मुलीचं म्हणणंही. त्या रात्री मला एका घराण्याची गोष्ट आठवत राहिली. ते घराणं फार मोठं, तुमच्या-माझ्यासारखं नव्हे. पण आई-बापांनी मुलांच्या शिक्षणात किती हात घालावा, याचा धडा त्या घरातल्या चार पिढ्यांनी असा गिरवला आहे की तो आपल्यालाही उपयोगी पडावा. ते घर म्हणजे सर सय्यद अहमद खान यांचं.

आई, दोरी आणि माफी

सर सय्यद यांचा जन्म दिल्लीचा, १८१७ सालचा. अलिगढच्या कॉलेजचे संस्थापक म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण ते स्वतः कुठल्याही कॉलेजात गेले नव्हते. त्यांचं शिक्षण घरात झालं आणि त्यात मोठा वाटा होता आई अज़ीज़ुन्निसा बेगम यांचा. मुलगा दिवसभरात जे शिकून यायचा, ते आई रात्री त्याच्याकडून म्हणवून घ्यायची. शिक्षेसाठी म्हणून तिनं दोऱ्या गुंफून एक छोटा चाबूक करून ठेवला होता. तो तिनं कधी वापरला नाही, असं सर सय्यद यांनीच लिहून ठेवलं आहे.

पण ही आई नुसती मायाळू नव्हती. सय्यद अकरा-बारा वर्षांचे असताना त्यांनी घरातल्या एका वृद्ध नोकराला थप्पड मारली. आईला कळलं, तेव्हा तिनं मुलाला घराबाहेर काढलं. मुलगा मावशीच्या घरी लपून राहिला. शेवटी मावशी रदबदली करायला आली. आईची अट एकच होती: त्या नोकराची माफी मागायची. मुलानं हात जोडून माफी मागितली, तेव्हा घराचं दार उघडलं.

आज आपण 'पेरेंटल सपोर्ट' असं जे म्हणतो, ते या आईनं एवढंच केलं. अभ्यास ऐकला आणि माणसाशी कसं वागायचं ते शिकवलं. मुलाच्या वतीनं तिनं काहीच केलं नाही. चूक त्याची होती, माफीही त्यालाच मागावी लागली.

पुढं वडील वारले आणि सय्यद यांना नोकरी धरावी लागली. त्या काळी कंपनी सरकारात मुन्सफ व्हायचं तर परीक्षा द्यावी लागे. दिवाणी कायदे पसरलेले, पुस्तकं मिळायला अवघड. सय्यद यांनी आपल्या भावाबरोबर त्या कायद्यांचा सारांश तयार केला. त्याचं नाव 'इन्तिखाबुल अख़वैन', म्हणजे दोघा भावांनी केलेली निवड. ते परीक्षा पास होऊन १८४१ मध्ये मैनपुरीला मुन्सफ झाले. त्यांच्या टिपणांवर इतर उमेदवारही अभ्यास करू लागले. म्हणजे ज्या माणसानं पुढं एक युग घडवलं, त्यानं सुरुवातीला चक्क परीक्षेचं गाइड काढलं होतं! तेव्हा गाइड, नोट्स, क्लास यांना उगाच नाकं मुरडण्यात अर्थ नाही. परीक्षा आहे तिथं तयारी असणारच. ती कोणी करायची, एवढाच प्रश्न आहे.

घर गहाण टाकून विलायतेला

सर सय्यद बाप झाले, तेव्हा काळ पार बदलला होता. १८५७ चा उठाव होऊन गेला होता. दिल्ली उजाड झाली होती. जी फारसी येत असली की नोकरी मिळे, तिची जागा इंग्रजी घेत होती. धाकटे चिरंजीव सय्यद महमूद यांनी १८६८ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची मॅट्रिक पास केली. त्यानंतर विलायतेत शिकण्यासाठी त्यांना सरकारी शिष्यवृत्ती मिळाली.

शिष्यवृत्ती मुलाच्या गुणांची होती. पण एप्रिल १८६९ मध्ये निघाले बापलेक दोघंही. थोरला मुलगा हमीदही बरोबर होता. सर सय्यद तेव्हा पन्नाशी ओलांडलेले, बनारसला सरकारी नोकरीत. रजा काढली, घर गहाण टाकलं, पुस्तकं विकली, कर्ज काढलं. मुंबईहून बोटीत बसून इंग्लंडला पोचले. या सफरीमागं त्यांचा आणखी एक हेतू होता. विल्यम म्यूर यांनी पैगंबरांच्या चरित्रात केलेल्या आक्षेपांना उत्तर द्यायचं होतं. ते पुस्तक त्यांनी लंडनमध्ये बसून लिहिलं आणि १८७० मध्ये तिथंच छापलं.

या बापानं काय केलं ते नीट पाहण्यासारखं आहे. मुलाला लिंकन्स इनमध्ये, केंब्रिजमध्ये शिकायला ठेवलं. पण त्याच्या वह्या तपासत बसले नाहीत. स्वतः इंग्रजांच्या शाळा, विद्यापीठं पाहत फिरले. मुलगा ज्या जगात चालला होता, ते जग आधी स्वतः समजून घ्यायचा प्रयत्न केला. ऑक्टोबर १८७० मध्ये ते मुलाला तिथं ठेवून परत आले, आणि त्याच वर्षाअखेर 'तहज़ीबुल अख़लाक़' हे नियतकालिक सुरू केलं. १८७५ मध्ये अलिगढला शाळा निघाली, १८७७ मध्ये कॉलेजची पायाभरणी झाली. त्या कॉलेजची योजना १८७३ मध्ये मांडली होती ती केंब्रिज पाहून आलेल्या महमूद यांनीच.

मुलासाठी कर्ज काढणारे बाप आपल्याकडं कमी नाहीत. शेत विकून पोराला शहरात ठेवणारे मराठवाड्यात गावोगाव सापडतील. पण एका मुलासाठी काढलेल्या कर्जातून हजारो मुलांसाठी कॉलेज उभं करायचं, हे सर सय्यद यांना सुचलं. इथपर्यंत या बापाला सलामच करावा लागतो.

जिथं पाऊल घसरलं

सय्यद महमूद विलक्षण बुद्धिमान निघाले. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, १८८२ मध्ये, अलाहाबाद उच्च न्यायालयावर प्रभारी न्यायाधीश म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्या न्यायालयातले ते पहिले भारतीय न्यायाधीश. १८८७ मध्ये ते कायम झाले. सहकारी न्यायाधीशांशी मतभेद झाला तर सविस्तर भिन्न निकाल लिहिण्यासाठी ते ओळखले जात. त्यांचे काही निकाल कायद्याचे अभ्यासक आजही वाचतात.

पण १८८९ मध्ये सर सय्यद यांनी कॉलेजच्या विश्वस्त मंडळाचा नवा कायदा आणला. त्यात महमूद यांना संयुक्त सचिव करून आपल्यानंतर सचिवपद त्यांच्याकडंच जाईल अशी व्यवस्था केली. जुने सहकारी मौलवी समीउल्लाह खान यांनी कडाडून विरोध केला. कॉलेज कौमचं आहे, ते बापाकडून लेकाकडं कसं जाणार, हा त्यांच्या विरोधाचा एक भाग होता. कायदा बहुमतानं मंजूर झाला. मैत्री मात्र कायमची तुटली. समीउल्लाह खान अलिगढपासून दूर झाले, आणि त्यांनी अलाहाबादला मुस्लीम विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उभारलं. ते 'मुस्लिम हॉस्टेल' म्हणून प्रसिद्ध झालं.

महमूद यांना ही वारसदारी पेलली नाही. दारूचं व्यसन जडलं. १८९३ मध्ये त्यांना न्यायाधीशपद सोडावं लागलं. पुढं मनाचा तोलही ढळत गेला. सर सय्यद यांचे शेवटचे दिवस या दुःखात गेले. २७ मार्च १८९८ ला त्यांनी डोळे मिटले, ते मुलाच्या घरी नव्हे, एका स्नेह्याच्या घरी. महमूद ठरल्याप्रमाणं सचिव झाले, पण वर्षभरात ती जबाबदारी मोहसिनुल मुल्क यांच्याकडं सोपवावी लागली. १९०३ मध्ये महमूद वारले.

बापाच्या मदतीमुळं मुलगा बिघडला, असं सरळसोट गणित मी मांडणार नाही. व्यसन हा आजार आहे, आणि त्याची कारणं एका वाक्यात सांगणं हा त्या माणसावर अन्याय होईल. पण एक गोष्ट उघड आहे. १८६९ मध्ये बापानं मुलाला दारापर्यंत नेलं आणि मागं फिरला. १८८९ मध्ये त्यानं मुलासाठी खुर्ची राखून ठेवली. पहिल्या मदतीनं मुलगा न्यायाधीश झाला. दुसरीनं मुलगाही सुखी झाला नाही, बापही नाही, आणि संस्थेत फूट पडली ती वेगळीच.

वेब्रिजमधली शिकवणी

महमूद यांचा मुलगा रॉस मसूद. जन्म १८८९ चा, म्हणजे त्या भांडणाच्याच वर्षाचा. आजोबा गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि वडील गेले तेव्हा चौदा. अलिगढ कॉलेजचे प्राचार्य थिओडोर मॉरिसन त्याचे पालक बनले. मॉरिसन निवृत्त होऊन इंग्लंडला परतले, तेव्हा मसूदही इंग्लंडला आला. त्याला ऑक्सफर्डला जायचं होतं. आणि ऑक्सफर्डला त्या काळी लॅटिनशिवाय प्रवेश नव्हता.

अलिगढचा मुलगा लॅटिन कुठून आणणार? मॉरिसन यांनी शेजारी चौकशी केली. वेब्रिज गावात आईबरोबर राहणारा एक सत्तावीस वर्षांचा तरुण लेखक होता. १९०६ मध्ये त्याला शिकवणी दिली गेली. त्याचं नाव ई. एम. फॉर्स्टर. मसूद सतरा वर्षांचा होता.

शिकवणीत लॅटिन किती झालं हा प्रश्नच आहे. मैत्री मात्र जन्माची झाली. फॉर्स्टरनं पुढं लिहिलं की, या मुलानं आपल्याला आपल्या चाकोरीतून जागं केलं आणि एक नवी संस्कृती दाखवली. मसूदला भेटायला म्हणूनही तो १९१२ मध्ये हिंदुस्थानात आला. १९२४ मध्ये त्याची 'अ पॅसेज टू इंडिया' ही कादंबरी आली, ती मसूदलाच अर्पण केलेली आहे. मसूद ऑक्सफर्डमधून पदवी घेऊन आणि बॅरिस्टर होऊन परतला.

मला या गोष्टीत सर्वांत जास्त काय भावतं? मॉरिसन यांचं माप. ते इंग्रज होते, मोठ्या पदावरून आलेले होते, ऑक्सफर्डमध्ये कुणाच्या कानाला लागणं त्यांना जमलं असतं. त्यांनी मुलासाठी शिक्षक शोधला. म्हणजे नेमकी अडचण कुठं आहे ते पाहिलं आणि तेवढीच भरून काढली. पेपर मसूदलाच द्यायचा होता.

ओळखीची पत्रं

इथं कुणी म्हणेल, ही सगळी बड्या घरची कौतुकं. बरोबर आहे. आणि त्यातली काही मदत न्याय्य होती का, हेही विचारायला हवं. आपल्या मुंबईचंच उदाहरण घ्या. बोहरा व्यापारी मुल्ला तय्यब अली यांनी आपली मुलं शिकायला युरोपात पाठवली. मुसलमानांत इंग्रजी शिक्षणाला विरोध होता, तो हा काळ. थोरले कमरुद्दीन विलायतेत सॉलिसिटर झालेले पहिले हिंदी गृहस्थ. धाकटे बदरुद्दीन १८६० मध्ये इंग्लंडला गेले, तेव्हा वडिलांनी दिलेली ओळखीची पत्रं जवळ होती. त्यातलं एक माजी गव्हर्नर जनरल लॉर्ड एलनबरो यांच्या नावचं. असं पत्र किती बापांना देता आलं असतं?

पत्रानं दार उघडतं हे खरं, पण आत गेल्यावर ते कामाला येत नाही. बदरुद्दीन यांचे डोळे बिघडले, शिक्षण अर्धवट टाकून १८६४ मध्ये घरी यावं लागलं. वर्षभरानं ते पुन्हा गेले, आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले. मुंबई उच्च न्यायालयातले ते पहिले हिंदी बॅरिस्टर. १८८७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष, पुढं न्यायाधीश. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना जामीन दिला तो यांनीच.

पण या भावांचं मोठेपण मला वेगळ्या ठिकाणी दिसतं. १८७४ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची सुरुवात केली. ज्या मुलांच्या बापाकडं लॉर्डाच्या नावचं पत्र नव्हतं, बोटीचं भाडं नव्हतं, त्यांच्यासाठी ही संस्था होती. बोरीबंदरसमोरची तिची इमारत आपण येता-जाता पाहतो. आपल्याला मिळालेली मदत त्यांनी अशी फेडली.

१९०६ हे साल या दृष्टीनं मला फार बोलकं वाटतं. वेब्रिजमध्ये मसूद लॅटिन गिरवत होता. तय्यबजी घराण्यातली, जंजिऱ्याच्या बेगम नाझली यांची बहीण अतिया फ़ैज़ी त्याच वर्षी शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला लंडनला पोचली. अलिगढला शेख अब्दुल्ला यांनी मुलींची शाळा काढली. सर सय्यद यांनी मुलींच्या शाळांचा प्रश्न मागं ठेवला होता, तो असा त्यांच्याच गावात सुटला. आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी मुस्लीम पुढाऱ्यांना जमवून मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, स्वतः तिचे अध्यक्ष झाले आणि वसतिगृह उभं केलं. वेब्रिजच्या मुलासाठी घरी येणारा शिक्षक होता. कोल्हापूरच्या खेड्यातून आलेल्या मुलाला आधी निजायला जागा आणि दोन वेळची भाकरी हवी होती. दोघांची अडचण वेगळी, म्हणून मदतही वेगळी.

अडथळाच दूर करणारा

मसूदची गोष्ट इथं संपत नाही. १९१६ मध्ये ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिक्षण खात्याचे प्रमुख झाले. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं, त्याच्या उभारणीत त्यांचा मोठा हात होता. या विद्यापीठानं इंग्रजीऐवजी उर्दूतून शिकवायचं ठरवलं. विज्ञान, इतिहास, कायद्याची पुस्तकं भाषांतरित करण्यासाठी वेगळं खातं काढलं. प्रवेशासाठी स्वतः लॅटिनशी झुंजलेल्या माणसाला, परक्या भाषेचा उंबरठा किती उंच असतो हे ठाऊक असणार. प्रत्येक मुलाला शिडी देत बसण्यापेक्षा उंबरठाच खाली आणायचा, असा हा विचार होता.

मात्र आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. तिथल्या मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी उर्दूही एक उंबरठाच होती, हेही प्रामाणिकपणं सांगायला हवं. एकाच्या सोयीसाठी खाली आणलेला उंबरठा दुसऱ्याला उंच वाटू शकतो. धोरण ठरवणारा कितीही भला असो, ज्याला आत यायचं आहे त्याला विचारल्याशिवाय ते पुरं होत नाही. घरातल्या बापालाही हेच लागू पडतं.

मग मदत किती?

या चार पिढ्यांतून मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, वाट दाखवणं, खर्च उचलणं, शिक्षक शोधणं, कागदपत्रं जमवणं ही सगळी मदत आई-बापांचं कर्तव्यच आहे. त्यात कसूर नको. दुसरी, कुठं जायचं हे मुलानं ठरवायचं आणि पेपर त्यानंच लिहायचा. मोठ्यांनी मुलाच्या वतीनं निवड केली, किंवा खुर्ची राखून ठेवली, की मदतीचं ओझं होतं. तिसरी, ज्याच्या घरी मदत करणारं कुणी नाही, त्याचं पालकत्व समाजानं घ्यायचं. अंजुमन आणि कोल्हापूरचं वसतिगृह त्यातूनच उभे राहिले.

आपल्या वस्त्यांत आज लॅटिनची अडचण नाही. अडचण आहे ती कागदांची. बागवान, तांबोळी, अत्तार अशा ओबीसी यादीतल्या जमातींची मुलं सवलतीला पात्र असतात. पण जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज वेळेत न केल्यानं खुल्या प्रवर्गात ढकलली जातात. कुणाचं नॉन-क्रिमीलेयर जुनं झालेलं, कुणाच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या जागी नुसतं 'मुस्लीम' लिहिलेलं. हे काम सतरा वर्षांच्या मुलाचं नाही. ते मोठ्यांनी अकरावीतच हाती घ्यायचं असतं. आणि होतं असं की जिथं आपली खरी गरज असते तिथं आपण उशीर करतो, आणि जिथं मुलांनी ठरवायचं तिथं रात्री बारापर्यंत जागतो.

गॅरेजवाल्या भाईंना मी सर सय्यद यांची गोष्ट सांगितली नाही. टेबलापुढं रांग होती, आणि भाषण ऐकायला ते आलेही नव्हते. मी एवढंच विचारलं, "भाई, पोरीच्या जात वैधतेचं काय झालं?" ते म्हणाले, अर्ज केलाय, पण पावती कुठं आहे कुणास ठाऊक. मी म्हणालो, "तुम्ही ती पावती शोधून आणा. तोवर फॉर्मचं ती बघेल."

भाईंनी मुलीकडं पाहिलं. "सिव्हिलमध्ये नोकरी मिळते का गं?"

"अब्बा, आपल्या गल्लीतली गटार दर पावसाळ्यात कुणाच्या घरात शिरते?"

भाई काही बोलले नाहीत. टेबलावरची स्कूटरची चावी उचलली आणि पावती शोधायला घरी गेले. मुलीनं लॅपटॉप आपल्याकडं ओढला आणि पहिल्या क्रमांकापासून फॉर्म नव्यानं भरायला घेतला.